गार्डन नीलर-स्टूल: पोट पुढे आल्यावर बागकामासाठी घ्यावा का?

आधीच सांगते, पूर्ण रिव्ह्यू वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: कुंड्या जमिनीवर असतील आणि गरोदरपणाचा पाचवा-सहावा महिना चालू असेल तर हा नीलर (गुडघे टेकायची फळी) घ्या, पैसे वसूल आहेत. कुंड्या आधीपासूनच कमरेइतक्या उंच स्टँडवर असतील तर अजिबात नको, ते पैसे डिलिव्हरीनंतरच्या मालीशवाल्या मावशींना द्या.

आता सविस्तर. आमची बिल्डिंग जुनी, पुण्यातली, तीन मजली आणि वर कॉमन टेरेस. त्यातला एक कोपरा सगळ्यांनी मिळून मला देऊन टाकलाय असं समजा, कारण बाकी कुणाला पाणी घालायचा कंटाळा. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, मिरच्या, दोन-तीन वेल, असा सगळा संसार आहे. जूनमध्ये पोट दिसायला लागलं आणि खाली वाकून खुरपणं जड जायला लागलं तेव्हा हा नीलर ऑनलाइन मागवला. २,५०० रुपयांच्या आसपास पडला. ब्रँडचं नाव देत नाही कारण अगदी सेम वस्तू दहा वेगवेगळ्या नावांनी विकतात, फक्त फोमचा रंग बदलतो. हिरवा, निळा, काळा, आतून सगळे एकच.

वस्तू काय आहे ते माहिती नसेल त्यांच्यासाठी: स्टीलच्या पाइपची फ्रेम, मध्ये एक जाड फोम लावलेली फळी, आणि दोन्ही बाजूंना उलट्या यू आकाराचे पाय. एका बाजूने ठेवलं की फळी जमिनीपासून चार-पाच बोटं वर येते, तिच्यावर गुडघे टेकायचे आणि बाजूचे पाय हँडलसारखे वर येतात. उलटं केलं की तेच पाय खाली जातात आणि स्टूल होतं. घडी घालून भिंतीला टेकवता येतं. वजन चारेक किलो. सासूबाई त्याला घोडा म्हणतात आणि आता घरात सगळेच घोडा म्हणतात, वरच्या मजल्यावरची छोटी तर त्यावर बसून टबडक टबडक करते.

जाहिरातीत सगळा जोर बसायच्या मोडवर असतो, फोटोत एक आजी छान हसत बसलेल्या असतात. पण गरोदरपणात या वस्तूचा खरा उपयोग आहे तो गुडघे टेकायच्या मोडमध्ये, आणि त्यातही त्या दोन हँडलचा. हे मला वापरल्याशिवाय कळलं नसतं.

कसं ते सांगते. खाली बसायला त्रास नाही होत हो, बसता येतं, त्रास आहे तो उठताना. या काळात रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनमुळे सांधे सैल पडतात, पोट पुढे आल्यामुळे तोल पुढे जातो, शिवाय मधल्या महिन्यांत बीपी थोडं खालीच असतं म्हणून पटकन उठलं की डोळ्यासमोर अंधारी. मी आधी उकिडवं बसून काम करायचे, डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या बस की, पण एका जागी खूप वेळ नको, पायाला मुंग्या येतात आणि उठताना काहीतरी पक्कं धरूनच उठ. आता टेरेसवर पक्कं काय असतं? कुंडी धरली तर कुंडीच अंगावर येते, पाण्याचा पाइप धरला तर तो निघून हातात येतो. नीलरवर एक पाऊल पुढे टेकवायचं, दोन्ही हात हँडलवर, हातांच्या जोरावर उठायचं आणि उठल्यावर लगेच चालायला न लागता दोन-चार श्वास तिथेच हँडल धरून उभं राहायचं. कमरेवर, ओटीपोटावर काही ताण येत नाही. सातव्या महिन्यापर्यंत मी असंच केलं आणि एकदाही भेलकांडले नाही.

गुडघ्यांवर बसलं की पोटाला खाली भरपूर जागा मिळते, मांड्यांवर दाबलं जात नाही, पाठही सरळ राहते. मला तरी खुर्चीपेक्षा हे बरं वाटलं.

पण त्यात पण भानगड आहे. फळी अरुंद आहे. गुडघे फोमवर छान बसतात पण नडगी मागच्या कडेवर येते आणि ती कड लोखंडी. पंधरा-वीस मिनिटांत नडगीवर लाल रेघ आणि पावलं बधिर. रात्री पोटऱ्यांत गोळे येत असतील (मला यायचे, बापरे) तर जास्त वेळ नकोच. उपाय म्हणून मी जुनी योगा मॅट दुमडून मागे पावलांखाली ठेवायला लागले, नडगीचा कोन बदलतो आणि बरंच सुसह्य होतं. कंपनीने फळी अजून चार इंच रुंद केली असती तर मी अख्खे पाच स्टार दिले असते.

दुसरं म्हणजे नीलर जागचा हलत नाही, आपणच उठून तो सरकवायचा. त्यामुळे कुंड्या एका ओळीत असतील तर दर दोन कुंड्यांनी उठबस. आम्ही काय केलं, नवऱ्याला एका रविवारी कामाला लावलं आणि कुंड्या घोड्याच्या नालेसारख्या तिन्ही बाजूंनी मांडून घेतल्या, मध्ये मी. हात पोचेल तेवढंच काम एका बैठकीला.

आता स्टूल मोड. उंची भरते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीपेक्षा थोडी जास्तच. आता तुम्हीच विचार करा, एवढ्या उंचीवर बसून जमिनीवरच्या कुंडीत खुरपी घालायची म्हणजे पोट मांड्यांवर दाबून पुढे वाकायचं. पाचव्या महिन्यात कसंबसं जमलं, सहाव्यानंतर जेवणानंतर तर विसराच, वाकलं की सगळं घशाशी येतं. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी या मोडचा विचारच करू नये. हा, स्टूलवर बसून मेथी निवडणं, बियांचे ट्रे भरणं, मोगऱ्याच्या कळ्या खुडणं हे मस्त होतं. गणपतीत दहाही दिवस जास्वंदीची फुलं आणि दुर्वा मी याच्यावर बसून निवडल्या. पण त्यासाठी घरात प्लास्टिकचं स्टूल असतंच की, अडीच हजार कशाला.

क्षमता १५० किलो लिहिलीये. माझं वजन त्याच्या निम्म्याच्याही आत आहे (अजून तरी!) त्यामुळे फ्रेम वाकायचा प्रश्न आला नाही. पण प्रश्न वेगळाच आला. पायांना खाली प्लास्टिकची बुचं आहेत, रबराची नाहीत, आणि आमच्या टेरेसवर चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची गुळगुळीत फरशी. पहिल्या पावसात शेवाळ धरलं आणि स्टूल मोडमध्ये बसताना घोडा सर्रकन मागे सरकला. नशीब सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानातून काठीला लावतात तसली रबरी बुचं आणून चढवली, चारांचे मिळून शंभर रुपये सुद्धा नाही झाले, आणि टेरेसचा तो कोपरा ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतला. घासायचं काम मी नाही केलं, तो वासच सहन होत नव्हता. पावसाळ्यात मागवणार असाल तर बुचं आधी बदला मग बसा, हे अगदी मनापासून सांगतेय. आणि पायात स्लीपर नको, मागे पट्टा असलेलं, तळाला ग्रिप असलेलं काहीतरी घाला. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून मी एक नंबर मोठे घेतले.

घडी घालायचं लॉकही यथातथाच. दोन पत्र्याच्या क्लिपा आहेत, त्यातली माझी एक सैलच आली. खालून हाताने चाचपून टक असा आवाज आला की नाही हे दर वेळी बघावं लागतं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर त्याने नुसती क्लिप पाठवून दिली, बदलायला स्क्रू-ड्रायव्हर आमचाच.

फोमबद्दल दोन शब्द, कारण हा मुद्दा मला सुरुवातीला किरकोळ वाटला होता. फोम ईव्हीएचा (चपलांच्या तळाला असतो तसला) आहे, पाणी पीत नाही, धुता येतो, छान. पण कडेला जिथे फळीला चिकटवलाय तिथे फट आहे, त्यात माती जाऊन बसते. आणि आमच्या टेरेसवर मांजरं येतात. कुंडीतली भुसभुशीत माती म्हणजे त्यांचं आवडतं संडास, हे बागकाम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो, पडल्यापासून एक ते पाच दिवसांत तो लागण करण्यालायक होतो आणि ओलसर मातीत वर्षभर सुद्धा टिकू शकतो. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका. म्हणजे घाबरून बाग सोडायची गरज नाही, पण हातमोजे घालायचे, काम झालं की मोजे काढून साबणाने हात नखांपर्यंत धुवायचे, मध्येच तोंडाला हात लावायचा नाही, आणि त्याच कुंडीतली कोथिंबीर "घरचीच तर आहे" म्हणून न धुता वर भुरभुरवायची नाही. नीलरचा फोम पण मातीतच लोळतो, म्हणून तो जुन्या टूथब्रशने फटीसकट धुवून टेरेसवरच ठेवायचा, घरात गाद्यांजवळ आणायचा नाही. मांजरांसाठी आम्ही मोकळ्या कुंड्यांवर करवंट्यांचे तुकडे पसरलेत, बसायला टोचतं मग ती दुसरीकडे जातात. शेजारच्या विंगमध्ये जातात, त्याला माझा इलाज नाही.

नीलरबरोबर हातमोजे फुकट आलेत, ते लगेच फेकून द्या. कापडी आहेत, ओली माती आरपार जाते. वरून कापड आणि तळहाताला रबराचा थर असलेले मोजे दुकानात शंभर-दीडशेला मिळतात, ते घ्या, बोटं नीट हलतात आणि गुलाबाचे काटे पण बऱ्यापैकी अडतात. काटा, गंजका पत्रा लागलाच तर डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणात टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं देतातच, एक लवकरात लवकर आणि दुसरं चार आठवड्यांनी, ती घेतली आहेत ना हे फाइलमध्ये बघून ठेवा.

बाजूला लटकवायची अवजारांची पिशवी पण येते. खुरपी, कात्री, सुतळी मावते, पण लटकवली की नेमकी हँडल धरायच्या जागी येते. उठताना हात घसरतो. मी काढूनच टाकली. शिवाय पावसात ती बाहेर राहिली तर तळाला पाणी साठतं, आणि साठलेल्या पाण्याचं काय होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

यावरून एक अनपेक्षित फायदा सांगते. गुडघ्यांवर बसलं की नजर कुंडीच्या बुडाशी येते. उभं राहून पाणी घालताना जे कधीच दिसत नाही ते सगळं दिसतं, कुंडीखालच्या ताटल्यांमध्ये वळवळणाऱ्या अळ्या, मिलीबग (पांढरा पिठ्या ढेकूण), एकदा तर गोम. ताटल्यातलं ते स्वच्छ पाणी म्हणजे एडिस डासाचं माहेरघर. डेंग्यू तर आहेच, पण गरोदर बाईला जास्त धास्ती याच डासातून पसरणाऱ्या झिका विषाणूची, कारण बाळाचं डोकं लहान राहण्याचा धोका असतो. महाराष्ट्रातला पहिला पेशंट २०२१ च्या जुलैत आपल्या पुरंदर तालुक्यात बेलसरला सापडला होता, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एरंडवण्यापासून सुरू होऊन शहरात बरेच पेशंट निघाले, त्यात गरोदर बायकाही होत्या. माझी जाऊ तेव्हा पाचव्या महिन्यात होती, तिने तर महिनाभर टेरेसचं दारच उघडलं नाही.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करणं पुरतं असं वाटतं, पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी आलं की चालू. काथ्याने घासावीच लागते. आम्ही शेवटी पावसाळाभर ताटल्या काढूनच टाकल्या आणि कुंड्या विटांवर ठेवल्या, कटकट गेली. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त, म्हणजे नेमकं आपल्या बागकामाच्या वेळेला. आणि नीलरवर बसलं की पाय आणि घोटे त्याच्या ताटातच. पूर्ण लांबीची सैल पॅन्ट, पायमोजे, आणि डॉक्टरांना विचारून डासांचं क्रीम. डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेली क्रीम्स सांगितल्याप्रमाणे वापरली तर गरोदरपणात चालतात, पण पोटावर थापायची गरज नाही, उघड्या भागावरच लावायचं.

आता नीलर काय करू शकत नाही ते. तो ओझं उचलत नाही. हे हास्यास्पद वाटेल पण गुडघ्यांवर आरामात बसलं की आपल्याला वाटतं जमतंय की सगळं, आणि हात जातो बाजूची ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) ओढायला. बारा बाय बारा इंचाच्या बॅगेत वीसेक लिटर माती बसते, ओली असेल तर वीस-पंचवीस किलो सहज. पंधरा लिटरची पाण्याची बादली म्हणजे पंधरा किलो. ही कामं मी सरळ सोडून दिली. पाण्याला हलका पाइप लावला आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट नवरा टबात भिजवून देतो, मग मी छोट्या तसराळ्यातून थोडं थोडं घेते. कोकोपीट काय, निंबोळी पेंड काय, तयार पॉटिंग मिक्स काय, कोरडं असताना पिशवीत नाक घालून उघडायचं नाही, धुरळा छातीत जातो आणि तयार मिक्समध्ये न्यूमोनिया करणारे जंतूही असू शकतात. आधी पाणी शिंपडायचं, तोंड वळवून उघडायचं, मास्क लावायचा, कोविडमधले पडलेत ना घरात.

फवारणी पूर्ण बंद. केमिकल औषधं तर नाहीच, कडुनिंबाचं तेल सुद्धा मी हातात घेतलं नाही, नवरा फवारतो आणि त्या दिवशी मी टेरेसवर जात नाही. मिलीबग दिसला तर साबणाच्या पाण्यात जुना ब्रश बुडवून घासायचा, नीलरवर बसून हे काम अगदी निवांत होतं.

बाकी घरच्यांचे सल्ले फुकटच. २०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, तर सासूबाई म्हणाल्या आज कात्री-सुरीला हात लावू नकोस, झाडाचं पान पण तोडू नकोस. ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमाराला. आई, रात्री दहाला मी टेरेसवर कशाला जातेय, म्हटलं, तर त्याही हसल्या. समोरच्या काकूंचं म्हणणं की मातीचा वास घेतला की माती खायचे डोहाळे लागतात. वास मला लहानपणापासून आवडतो, ते जाऊ दे, पण खरंच माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा अंगात लोह कमी असतं म्हणून तसं होतं. कुंडीतली माती खाल्ली तर जंत होतील.

आठवा लागला तसा नीलर कमी होत गेला. गुडघ्यांवर बसता येतं पण पोट हँडलच्या मधून पुढे इतकं येतं की हात कुंडीपर्यंत पोचायला लांबवावे लागतात, कंबर भरून येते. मग आम्ही फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलची मांडणी करून घेतली, कमरेच्या उंचीची, सहा कुंड्यांची, साधारण साडेतीन हजारात. आता मी उभी राहून काम करते, पाय दुखले की तोच घोडा स्टूल करून बाजूला ठेवलाय त्यावर टेकते. आणि गंमत म्हणजे कुंड्या वर आल्यावर स्टूल मोड एकदम उपयोगी झाला, बसल्या बसल्या हात कुंडीत. म्हणजे तुमच्याकडे एवढेच पैसे असतील आणि दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल तर मांडणी घ्या, ती बाळ झाल्यावरही उपयोगी, रांगायला लागल्यावर तर जास्तच. जमिनीत वाफे असतील, गावाकडे अंगणात किंवा बंगल्याच्या बागेत, तिथे मात्र मांडणी काय कामाची, तिथे नीलरच.

आणखी स्वस्तातलं म्हणाल तर नुसता गुडघ्याखाली ठेवायचा फोमचा पॅड तीन-चारशेला मिळतो. गुडघ्यांना आराम तेवढाच, पण हँडल नाहीत, त्यामुळे गरोदरपणासाठी मला तो अर्धवट वाटतो. पाटावर बसणं पण करून पाहिलं, उठताना दोन माणसं लागली.

वेळेचं म्हणाल तर मी सकाळी साडेआठच्या आत उरकते, फार तर अर्धा तास, पाण्याची बाटली नीलरच्या शेजारी. आता ऑक्टोबर हीट सुरू झालीये, पावसाळ्यात चालायचं तसं नऊ-साडेनऊपर्यंत नाही चालत. आणि वार (प्लॅसेंटा) खाली असेल, ब्लीडिंग झालं असेल, बीपी वाढलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाके घातले असतील तर कुठलाही स्टूल, नीलर काही मागवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, नाही म्हणाल्या तर नाही.

रेटिंग: गुडघे टेकायचा मोड साडेचार, स्टूल मोड अडीच, बुचं एक, पिशवी आणि हातमोजे शून्य. मिळून साडेतीन स्टार. घेताना लिस्टिंगमध्ये फळीची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलीये का ते बघा, पंचवीसच्या खाली असेल तर दुसरा शोधा. हँडल फोमने गुंडाळलेली असली तर उत्तम, माझी नुसत्या पाइपची आहेत, घामाने निसटतात, मी सायकलच्या ग्रिपा चढवल्यात. आणि परत करायची मुदत किती दिवस आहे तेही बघून घ्या, कारण क्लिप सैल आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही.